नट बघून पिक्चर ठरतो का? स्टार, तिकीटबारी आणि मराठी प्रेक्षक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमावर लिहिणाऱ्या माणसाला लग्नाच्या पंगतीतही कोणी सोडत नाही. "हल्ली कोणाच्या नावावर चालतं हो?" हा प्रश्न ठरलेला. त्याच्या आगेमागे येणारे बाकीचे प्रश्न आणि त्यांची माझ्या परीनं उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं बहुतेक मराठी पडद्यावरची आहेत. स्टारशिवाय सिनेमा कसा धावतो आणि स्टार असूनही कसा आपटतो, दोन्हीचे नमुने आपल्याकडे भरपूर आहेत.

थोडक्यात सांगा, लोक नट बघून पिक्चरला जातात की नाही?

पहिल्या तीन दिवसांत जातात. सोमवारनंतर फार थोडे जातात.

२०१८ च्या दिवाळीत 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' आला. अमिताभ बच्चन आणि आमिर खान पहिल्यांदाच पडद्यावर एकत्र, वर सणाची सुट्टी. पहिल्या दिवशी देशभरात पन्नास कोटींच्या आसपास गल्ला जमला. हिंदी सिनेमासाठी तेव्हा तो विक्रम होता. दुसऱ्या दिवसापासून आकडे घसरले ते घसरलेच. पहिल्या दिवसाचं श्रेय त्या दोन नावांना द्यावंच लागतं, तेवढी गर्दी दुसऱ्या कशानं जमली नसती. पण पहिल्या दिवशी पाहून आलेल्यांनी घरी, ऑफिसात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काय सांगितलं, ते ऐकून बाकीच्यांनी आपले बेत बदलले.

मग 'सैराट'मध्ये स्टार कोण होतं?

कॅमेऱ्यासमोर कोणीच नाही. रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी, आकाश ठोसरचाही तो पहिलाच चित्रपट. २९ एप्रिल २०१६ ला चित्रपट लागला तेव्हा या दोघांचं नाव ऐकून कोणी तिकीट काढलं असेल, तर ते त्यांच्या गावातल्या लोकांनीच. तरी शंभर कोटींची मजल मारणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला.

पण "स्टारच नव्हता, नुसत्या कथेवर चालला" असं म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही. पहिल्या शुक्रवारी थिएटर भरायला काहीतरी ओळखीचं लागतंच, आणि ते होतं. अजय-अतुलची गाणी आधीच वरातीत, एसटी स्टँडवरच्या रिक्षात वाजू लागली होती. 'झिंगाट' न ऐकलेला माणूस त्या उन्हाळ्यात सापडणं अवघड होतं. शिवाय 'फॅन्ड्री'मुळे नागराज मंजुळे हे नाव निदान सिनेमा बघणाऱ्या वर्गाला माहीत झालं होतं. म्हणजे चेहरे नवे असले तरी संगीतकार आणि दिग्दर्शक ओळखीचे होते, आणि ओपनिंग त्यांनी दिली.

दुसऱ्या आठवड्यापासून मात्र फक्त आर्ची आणि परशा. लोक परत परत जायला लागले. शेवटाची बातमी फुटली होती तरी जात होते.

आता पुढचं बघा. रिंकू आणि आकाश रातोरात राज्यातले सगळ्यात ओळखीचे चेहरे झाले. मॉलच्या उद्घाटनांना, दहीहंडीला त्यांना बघायला रस्ते भरून माणसं. आकाशचा 'एफयू' २०१७ मध्ये आला आणि रिंकूचा 'कागर' २०१९ मध्ये. दोन्हींना त्या गर्दीचा एक छोटा अंशसुद्धा मिळाला नाही. रस्त्यावर फुकट बघायला आलेला माणूस दोनशे रुपये काढून थिएटरात येतोच असं नाही. प्रसिद्धी आणि तिकीट काढायला लावण्याची ताकद या दोन गोष्टींची आपण फार सरमिसळ करतो.

आणि 'झुंड'? त्यात तर अमिताभ बच्चन होते.

अमिताभ होते, नागराज होते, अजय-अतुल होते, रिंकू आणि आकाशही होते. विषय नागपूरचा, विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर बेतलेला. कागदावर पाहिलं तर यापेक्षा वजनदार जुळणी होणं कठीण. समीक्षकांनी वाखाणला, प्रेक्षकांत ज्यांनी पाहिला त्यांनी डोक्यावर घेतला. तिकीटबारीवर मात्र 'सैराट'च्या आसपासही पोचला नाही.

कारणं एकाहून अधिक आहेत. मार्च २०२२, लोक अजून करोनातून पुरते बाहेर आले नव्हते. आदल्या आठवड्यात 'गंगूबाई काठियावाडी' लागलेला, पुढच्या आठवड्यात 'द काश्मीर फाइल्स' आला आणि पडदे तिकडे वळले. हळूहळू पसरणाऱ्या सिनेमाला जो दुसरा-तिसरा आठवडा लागतो, तोच मिळाला नाही. भाषा हिंदी, पण बाज नागपुरी. मुंबई-दिल्लीच्या हिंदी प्रेक्षकाला तो आपला वाटला नाही, आणि मराठी प्रेक्षक "नागराजचा मराठी पिक्चर" म्हणून जसा धावला असता तसा हिंदीसाठी धावला नाही.

अमिताभ हे नाव मोठं आहे यात वाद नाही. पण ऐंशीच्या घरातल्या अमिताभबद्दल वाटतो तो आदर. त्या आदरापोटी लोक त्यांचा कार्यक्रम घरी बसून रोज रात्री बघतात.

पूर्वी तरी नावावर चालायचं ना? दादा कोंडके, लक्ष्या, अशोकमामा?

चालायचं. दादा कोंडके हे माझ्या मते मराठीतलं स्टारपणाचं सगळ्यात निखळ उदाहरण. 'सोंगाड्या' १९७१ चा. दादरच्या कोहिनूर टॉकीजमध्ये देव आनंदच्या चित्रपटासाठी तो डावलला जाऊ लागला, बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, तेव्हा कुठे लागला, ही कहाणी सगळ्यांना पाठ आहे. तिथपासून ओळीनं नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव, म्हणजे प्रत्येक निदान पंचवीस आठवडे चालला. कथा थोडीफार तीच, नायिका बहुतेक वेळा उषा चव्हाण, अर्धी चड्डी तीच आणि लोंबणारी नाडी तीच. लोक 'दादांचा पिक्चर' बघायला जात, नाव फार वेळा विचारतही नसत.

यात एक गोष्ट मात्र विसरली जाते. दादा पडद्यावर आले ते आयता प्रेक्षक घेऊनच. 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्याच्या प्रयोगांनी त्यांना गावोगाव पोचवलं होतं. 'सोंगाड्या'ला आलेल्या माणसाला आपण कशासाठी पैसे मोजतोय हे पुरतं माहीत होतं. आणि दादांनी त्याला कधी फसवलं नाही: दर वेळी तोच माल, तितकाच भरून. स्टार म्हणजे प्रेक्षकाला दिलेली हमी, असं धरलं तर ती हमी इतकी वर्षं पाळणारा दुसरा नट मराठीत नाही.

पुढे 'धुमधडाका' (१९८५), 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) वगैरेंतून अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, महेश कोठारे, सचिन या चौकडीनं तीच हमी दिली. पोस्टरवर दोघं-तिघं दिसले की घरातले लहानथोर सगळे तयार. पण मग प्रत्येक निर्मात्याला तेच दोघं-तिघं हवे झाले. वर्षाला तोच साचा इतक्या वेळा निघाला की नव्वदच्या मध्यापर्यंत लोकांना वीट आला. नट तेच होते, विनोदाचं टायमिंगही शाबूत होतं. विकली जात होती ती हमी पोकळ झाली.

त्याच काळात १९९१ साली 'माहेरची साडी' आला. अलका कुबल तेव्हा ओळखीच्या होत्या, पण थिएटर ओढून आणणारं नाव म्हणून कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. गावोगावच्या बायका रुमाल भिजवून बाहेर पडत आणि दुसऱ्या दिवशी जावेला, नणंदेला घेऊन परत येत. त्या चित्रपटानं अलका कुबल यांना स्टार केलं. हा क्रम लक्षात ठेवा, तो पुन्हा पुन्हा येतो.

नाटकाला मात्र आम्ही नाव बघूनच जातो. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण नावाची ताकद खरी कुठे आहे ते इथे दिसतं.

जुलै १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. खाडिलकरांचं नाटक दहा वर्षं जुनं, पदं लोकांना तोंडपाठ. कथेत नवीन काहीच नाही. तरी चढ्या दराच्या तिकिटांवर उड्या पडल्या, कारण गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन स्पर्धक कंपन्यांचे मालक, भामिनी म्हणून बालगंधर्व आणि धैर्यधर म्हणून केशवराव भोसले, एका रंगमंचावर उभे राहणार होते. बाकी सगळं स्थिर ठेवून फक्त नटांचं आकर्षण मोजायचं असेल, तर याहून स्वच्छ प्रयोग सापडणार नाही.

तेच बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात संत एकनाथ झाले. आवाज तोच, नाव तेच. पण लोकांना हवे होते शालू नेसलेले बालगंधर्व, समोर, वन्समोअर घेणारे. पडद्यावरचे एकनाथ त्यांना पटले नाहीत आणि प्रभातबरोबरची भागीदारी फार टिकली नाही. पुढच्याच वर्षी त्याच प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस आले. बालगंधर्वांपुढे नाव म्हणून कुठेच नव्हते. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक चालला, व्हेनिसला गौरवला गेला, आणि पागनीस म्हणजेच तुकोबा असं समीकरण दोन पिढ्यांच्या मनात बसलं.

आजचं बघायचं तर प्रशांत दामले. नोव्हेंबर २०२२ मध्ये षण्मुखानंदला त्यांचा १२,५०० वा प्रयोग झाला. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत नाटकाच्या नावाइतकंच ठळक त्यांचं नाव असतं. काका-काकू फोनवर विचारतात ते "दामल्यांचं कुठलं लागलंय?" एवढंच. नाटक कुठलं ते जाऊन कळलं तरी चालतं.

कारण नाटकात नट हाच माल आहे. तो आजारी पडला तर प्रयोग रद्द आणि पैसे परत. चित्रपटात तो आजारी असो, परदेशी असो, रीळ फिरतंच. तीनशे-चारशेच्या तिकिटात जिवंत माणूस भेटतो, मध्यंतरात वडा खाता येतो, नशीब असेल तर आत जाऊन फोटोही मिळतो. त्याच नटाचा चित्रपट लागला की तोच प्रेक्षक म्हणतो, "टीव्हीवर येईलच की."

हिंदीतला मोठा चेहरा मराठीत आणला की फायदा होतो का?

कधी होतो, कधी नाही. फरक कशात आहे ते दिसतं. रितेश देशमुखनं 'लय भारी' (२०१४) केला तेव्हा तो मराठी मसालापटाच्या मध्यभागी उभा होता, लातूरचा मुलगा म्हणून. आठ वर्षांनी 'वेड' त्यानं स्वतः दिग्दर्शित केला, सोबत जिनिलिया. त्या जोडीच्या संसाराचे रील्स घरोघर पाहिले जात होतेच. लोकांना त्यांना एकत्र बघायचं होतं आणि चित्रपटानं तेच दिलं. सलमान खान दोन्हींत पाहुणा म्हणून येऊन गेला. त्यानं टाळ्या घेतल्या. तिकिटं त्याच्यामुळे वाढली, असं मला वाटत नाही.

याउलट माधुरी दीक्षितचा पहिला मराठी चित्रपट 'बकेट लिस्ट' २०१८ ला आला. माधुरी मराठीत, याहून मोठी बातमी काय असणार? मुलाखती झाल्या, मुखपृष्ठं झाली. चित्रपट मात्र मोठ्या हिटच्या पंगतीत जाऊन बसला नाही. माधुरीला मराठी बोलताना ऐकायची हौस तिच्या मुलाखतींतच भागली होती.

अमिताभ पाहुणे असलेला 'एबी आणि सीडी' तर १३ मार्च २०२० ला लागला आणि त्याच मध्यरात्रीपासून मुंबई-पुण्याची थिएटरं बंद झाली. त्यावरून काही निष्कर्ष काढू नये.

'बाईपण भारी देवा' कोणाच्या नावावर चालला?

रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर, दीपा परब. सगळ्या नावाजलेल्या, पण यांपैकी एकटीच्या नावावर कोणी वितरकानं मोठा पैसा लावला असता का? नाही.

जुलै २०२३ मधला दुपारचा शो आठवतो. तिकीटखिडकीशी एक बाई, पर्स काखेत, हातात मोबाइलवर नावांची यादी. "सतरा द्या, आणि एका रांगेत द्या, नाहीतर भांडणं होतील." मागे बाकीच्या सोळाजणी नऊवारीत, अर्ध्याअधिक जणींना गॉगल. पोस्टरसमोर फोटो चालले होते. एकीनं दुसरीला विचारलं, "ही कोण गं?" उत्तर आलं, "अगं ती नाही का, त्या मालिकेतली सासू." नाव दोघींनाही आठवेना आणि अडलंही नाही. आत गेल्यावर शेवटच्या गाण्याला खुर्च्यांमधल्या वाटेत फुगडी.

त्या बायका नटीला बघायला आल्या नव्हत्या. मंगळागौरीला जमतात तशा जमल्या होत्या. सोसायटीतल्या गटानं जायचं ठरवलं की एकटीनं "मला हा नको" म्हणायची सोय नसते. केदार शिंदे यांनी निवडलेल्या सहाजणींचं मोल वेगळं होतं: सहा वयं, सहा स्वभाव, म्हणजे गटातली प्रत्येक बाई पोस्टरवर स्वतःला शोधू शकत होती. आपण नट निवडणं म्हणजे सगळ्यात मोठं नाव आणणं समजतो, तिथे ही निवड भारी पडली.

'छावा' विकी कौशलमुळे चालला की छत्रपती संभाजी महाराजांमुळे?

विकी कौशलनं जीव ओतून काम केलं आहे, त्याचं श्रेय त्याला आहेच. पण २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या थिएटरांत ज्या घोषणा होत होत्या, त्या कोणाच्या नावानं होत्या? पाचशे कोटींचा टप्पा ओलांडणारी गर्दी तो नायक असलेल्या आधीच्या कुठल्याच चित्रपटाला जमली नव्हती. 'पावनखिंड', 'धर्मवीर' यांचंही तसंच. तिथे पोस्टरवरचा मोठा चेहरा व्यक्तिरेखेचा असतो. नटाचं काम एवढंच की लोकांच्या मनातल्या मूर्तीला धक्का लागू नये. ते वाटतं तितकं सोपं नाही: एखाद्याची नुसती निवड जाहीर झाली तरी दाढीपासून उंचीपर्यंत वाद पेटतो.

यावर कोणी नीट अभ्यास केलाय, की सगळा कट्ट्यावरचा अंदाज?

हॉलिवूडवर झाला आहे. आर्थर डी व्हॅनी आणि डेव्हिड वॉल्स या अर्थतज्ज्ञांनी १९८४ ते १९९६ मधले दोन हजारांहून अधिक चित्रपट तपासले आणि १९९९ मध्ये निष्कर्ष मांडला: चित्रपटाचं उत्पन्न इतकं बेभरवशाचं असतं की स्टार घेतल्यानं यशाची खात्री मिळत नाही. स्टार असला की जास्त पडदे मिळतात आणि चित्रपट थोडा जास्त तग धरतो, पण शेवटी हिट ठरवतात ते एकमेकांना सांगणारे प्रेक्षक.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अनिता एल्बर्स यांनी २००७ मध्ये वेगळी युक्ती वापरली. इंटरनेटवर एक खेळ होता, त्यात लोक येऊ घातलेल्या चित्रपटांचे लुटुपुटीचे शेअर घेत-विकत. अमुक नट अमुक चित्रपटात आला किंवा त्यातून बाहेर पडला, अशी बातमी आली की भाव किती हलतो, हे त्यांनी हजाराहून अधिक बातम्यांसाठी मोजलं. सरासरी एका स्टारमागे तिकीटविक्रीत सुमारे तीस लाख डॉलरचा फरक अपेक्षित धरला जात होता. रक्कम छोटी नाही, पण हॉलिवूडचे पहिल्या फळीतले नट त्याच काळात एका चित्रपटाचे दोन कोटी डॉलर घेत होते, हे शेजारी ठेवून बघा.

अशा अभ्यासात एक मोठी अडचण असते. मोठा नट चांगली पटकथा, मोठं बॅनर, सणाची तारीख बघूनच होकार देतो. मग चित्रपट चालला तो त्याच्यामुळे, की चालणारा चित्रपट त्यानं आधीच हेरला म्हणून? एल्बर्स यांनी तर 'बेरजेला बेरीज' हेही दाखवलं, की आधीच नावाजलेले सहकलाकार असले की नव्या स्टारचा परिणाम वाढतो. म्हणजे एकटा नट सुटा काढून तोलता येत नाही.

मग निर्माते नटांना एवढे पैसे का मोजतात? वेडे आहेत का?

मुळीच नाहीत. नटाचं नाव प्रेक्षकाच्या आधी तीन ठिकाणी विकलं जातं. पैसे लावणाऱ्याला ते दाखवावं लागतं. चित्रपटवाहिनी आणि ओटीटीवाले हक्क विकत घेताना आधी विचारतात, "कोण कोण आहे?" तिसरा थिएटरवाला: एका शुक्रवारी चार चित्रपट लागत असतील तर संध्याकाळी सातचा शो कोणाला द्यायचा, हे तो पोस्टर बघूनच ठरवतो, कारण चित्रपट त्यानंही पाहिलेला नसतो.

माझं मत विचाराल तर स्टारचा खरा प्रभाव इथेच आहे. लोक काय बघतात हे तो थेट फार कमी ठरवतो. लोकांसमोर निवडायला काय ठेवलं जाईल, यात मात्र त्याचा हात मोठा. तुम्ही सहकुटुंब निघालात, जवळच्या मल्टिप्लेक्सला हव्या त्या वेळी एकाच चित्रपटाचे पाच शो आहेत आणि मराठीचा एकमेव शो दुपारी पावणेतीनला. तुम्ही पहिल्याचं तिकीट काढलंत. आकडेवारीत ते स्टारच्या खात्यावर जमा होतं. तुम्ही खरं तर वेळ निवडली होती.

म्हणूनच प्राइम टाइमवरून इतकी भांडणं होतात. २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ मराठी चित्रपट बंधनकारक केला, टीकेचा धुरळा उडाल्यावर तो पट्टा दुपारी बारा ते रात्री नऊ असा सैल झाला. त्या सैलपणाचा अर्थ निर्मात्यांना विचारा. मंगळवारी दुपारी साडेबारा हाही त्यात बसतो.

मालिकेतल्या नटाला रोज लाखो लोक बघतात. त्याचा पिक्चर का पडतो?

रोज बघतात म्हणूनच. जेवताना, पोळ्या लाटता लाटता फुकट दिसणाऱ्या माणसासाठी रिक्षा करून जायचं, हे घरच्यांना पटत नाही. ओळख होते, जवळीक होते, दुर्मिळपणा मात्र संपतो. 'चला हवा येऊ द्या'सारख्या कार्यक्रमांत चित्रपटाची अख्खी टीम येऊन नाचून-हसवून जायची. कार्यक्रम मस्त व्हायचा आणि बघणाऱ्याची हौस तिथेच फिटायची. दशकभर हा जाहिरातीचा हमखास मार्ग मानला गेला. त्यातून नाव घरोघर पोचलं, पण थिएटर भरण्याची शाश्वती कधीच मिळाली नाही.

आपल्याकडे तमिळ-तेलुगूसारखं कटआउटला दुधाचा अभिषेक वगैरे का होत नाही?

आपलं नातं घरगुती आहे. अशोक सराफ 'मामा', लक्ष्मीकांत 'लक्ष्या'. मामांबद्दल अपार माया आहे, पण मामांसाठी पहाटे चारच्या शोला कोण उठणार? शिवाय मराठी माणूस हिंदी चित्रपटाचाही पिढ्यान् पिढ्या गिऱ्हाईक. वेडं व्हायचंच असेल तर तिथे राजेश खन्नापासून शाहरुखपर्यंत सोय होती. बंगळुरात वाढलेला मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड रजनीकांत झाला तोही चेन्नईत.

तात्या विंचूला स्टार म्हणायचं का?

बेलाशक. रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकर यांचा आवाज. 'झपाटलेला' १९९३ चा. वीस वर्षांनी दुसरा भाग थ्रीडीत आला तो त्याच्याच जिवावर. मानधनाची कटकट नाही, तारखांचा घोळ नाही.

ओटीटीवर काय होतं?

नाव बघून सुरू करतात, दहा मिनिटांत बंद करतात. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

जुने चित्रपट परत लागतात तेव्हा लोक कोणासाठी जातात?

'तुंबाड' बघा. २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचा चालला. सोहम शाह हे नाव कोणाला ओढून आणणारं नव्हतं. राही अनिल बर्वे यांचा पहिलाच चित्रपट, कोकणातला पाऊस, वाडा, हस्तर. सहा वर्षं लोकांनी घरच्या छोट्या पडद्यावर पाहून एकमेकांना सांगितलं. सप्टेंबर २०२४ मध्ये परत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. प्रेक्षकाला आता नेमकं ठाऊक होतं की काय मिळणार आहे. अशा वेळी नटाच्या नावाची गरजच उरत नाही.

नाव कामाला येतं ते अंधारात उडी मारताना. चौघांचं कुटुंब, अडीचशेप्रमाणे हजार रुपये, पॉपकॉर्न आणि पार्किंग वेगळं: एवढं घालवताना निदान ओळखीचा चेहरा तरी असावा, इतका साधा हिशेब असतो. तिकीट स्वस्त झालं की हा हिशेब सैल होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय सिनेमा दिनाला ७५ रुपयांत तिकीट होतं, तेव्हा एरवी ओस पडलेले चित्रपटही भरले.

एखादा पिक्चर स्टारवर चालतोय की स्वतःवर, हे मला घरबसल्या कसं कळेल?

कोटींचे आकडे टाकणाऱ्या पोस्टरांवर जाऊ नका. तिकिटाचं अ‍ॅप उघडा आणि जवळच्या थिएटरचा बैठकीचा नकाशा तीनदा बघा. शुक्रवारी संध्याकाळी भरलेला दिसला तर नट, गाणी किंवा ट्रेलर कामाला आलं. सोमवारी संध्याकाळी निम्मा तरी भरलेला दिसला तर चित्रपट लोकांना आवडला. आणि दुसऱ्या शुक्रवारी शो कमी व्हायच्या ऐवजी वाढले असतील, दुपारचा शो रात्री सातला सरकला असेल, तर लगेच तिकीट काढा, कारण रविवारी मिळणार नाही. मधली जागा सोडून चार-पाच खुर्च्या सलग रंगलेल्या दिसतात का तेही पाहा. कुटुंबं यायला लागल्याची ती खूण असते, आणि मराठी चित्रपट तिथून पुढेच खरा कमावतो.